नको नको म्हणत सेनापती झालेला माणूस : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एकाने कानापासून खाली गालावर उतरणाऱ्या जाडजूड कल्ल्यांबद्दल विचारलं होतं, तेव्हा उत्तर देता देता मी ॲम्ब्रोज बर्नसाइड नावाच्या अमेरिकन जनरलचं नाव घेतलं आणि एवढंच सांगून पुढे सटकलो, की साइडबर्न्स हे नाव ह्याच्याच आडनावाची उलटापालट होऊन आलं. ती एक ओळ बऱ्याच जणांना पुरली नाही असं दिसतंय, कारण ह्या वेळी टपालात बहुतेक पत्रं त्या गृहस्थाबद्दलच आहेत. म्हणून हा अख्खा कॉलम त्याच्यावर, बाकीच्यांनी (त्या डाळिंबाच्या प्रश्नवाल्या ताईंनी विशेषतः) जरा दम धरा.

प्रश्न : कल्ले कळले हो, पण माणूस होता कोण? कुठे फौजी लिहिलेलं दिसतं, कुठे बंदुकीचा कारखानदार, कुठे सिनेटर. एकाच नावाची तीन माणसं तर नाहीत ना? (एक वाचक, सोलापूर)

एकच माणूस, आणि चौथा धंदा तुमच्याकडून राहिलाच, शिंपीकाम.

जन्म २३ मे १८२४ चा, इंडियाना राज्यातल्या लिबर्टी गावचा, नऊ भावंडांतला चौथा. वडील मूळचे साउथ कॅरोलिनाचे, तिकडे पदरी गुलाम होते, पण इंडियानात यायचं ठरल्यावर त्यांना मोकळं करून आले आणि इकडे येऊन राज्याच्या राजकारणात शिरले. घरात खाणारी तोंडं बरीच आणि पैसा बेताचा, त्यात १८४१ ला आई गेली, मग पोराला शिंप्याच्या हाताखाली लावलं, आणि ते काम तो व्यवस्थित शिकला, दुकानात भागीदार होण्याइतका. पण वडिलांच्या ओळखी कामाला आल्या नि १८४३ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जागा मिळाली. १८४७ ला ३८ जणांत १८वा येऊन बाहेर पडला, म्हणजे वर्गातल्या मधल्या बाकावरचा विद्यार्थी. त्याच्याच बॅचला ए. पी. हिल म्हणून एक होता, हे नाव लक्षात असू द्या, पुढे फार महागात पडणार आहे.

मेक्सिकोच्या युद्धावर पाठवलं तर हा पोचेपर्यंत लढाई जवळपास आटपलेली, त्यामुळे मेक्सिको सिटीत नुसता पहारा आणि पत्ते. मग पश्चिमेच्या सरहद्दीवर घोड्यांच्या तोफखान्यात, तिथे १८४९ मध्ये न्यू मेक्सिकोत अपाचे लोकांशी झालेल्या चकमकीत मानेत बाण घुसला, वाचला. १८५२ ला बदली ऱ्होड आयलंडला न्यूपोर्टच्या फोर्ट ॲडम्सवर झाली आणि त्याच वर्षी प्रॉव्हिडन्सच्या मेरी बिशपशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. ऱ्होड आयलंड म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य, पण हा बाहेरून आलेला जावई त्या राज्याला इतका आवडला की पुढे त्याने जगभर नाव घालवलं तरी ऱ्होड आयलंडने त्याला काही सोडलं नाही.

प्रश्न : माझा जन्म मशीन शॉपमध्ये गेला, त्यामुळे लढाया-बिढाया राहू द्या, त्या बंदुकीचं सांगा. तिच्यात नवीन काय होतं आणि कारखाना बुडाला कसा? (एक वाचक, पिंपरी)

काका, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण मला विचाराल तर ह्या माणसाचं आयुष्यातलं सगळ्यात डोकेबाज काम ती बंदूकच आहे.

तेव्हाची साधी बंदूक तोंडाकडून भरायची. कागदी पुडी दातांनी फोडा, दारू नळीत ओता, वरून गोळी, मग गज घालून ठासा. जमिनीवर उभं राहून ठीक आहे, पण घोड्यावर बसून हे करून बघा, एका हातात लगाम आणि खाली घोडा नाचतोय. बर्नसाइड स्वतः घोड्यांच्या तोफखान्यात राहिलेला, त्यामुळे ही अडचण त्याने डोळ्यांनी बघितलेली होती. म्हणून १८५३ ला नोकरीचा राजीनामा देऊन त्याने ब्रिस्टल गावात मागून भरायची आखूड बंदूक, म्हणजे कार्बाइन, बनवायला घेतली आणि १८५६ ला पेटंट मिळवलं.

चापाखालचा लिव्हर खाली ओढला की नळीच्या बुडाचा ठोकळा कलंडून तोंड वर करतो. त्या ठोकळ्यात काडतूस टाकायचं, आणि मजा काडतुसातच आहे. पितळेचं, आइस्क्रीमच्या कोनासारखं, निमुळतं टोक मागे आणि रुंद तोंडात गोळी बसवलेली. लिव्हर मिटला की गोळीची बाजू बरोब्बर नळीत जाऊन बसते. त्या पितळी कोनाच्या टोकाला बारीक भोक असतं. बाहेर निप्पलवर, म्हणजे बारीक नळीच्या टोकावर, ठिणगी देणारी नेहमीची टोपी चढवायची, बंदुकीचा घोडा तिच्यावर पडला की ठिणगी त्या भोकातून आत दारूपर्यंत जाते. आणि दारू पेटली की पितळ फुगून सांधा गच्च धरतं, गॅस मागे येत नाही. तुमच्यासारख्या माणसाला वेगळं सांगायला नको की मागून भरायच्या बंदुकीत खरी डोकेदुखी हीच असते, सांध्यातून गरम गॅस शिपायाच्या तोंडावर यायचा. पितळेला फुगवून त्याच्याकडूनच पॅकिंगचं काम करून घ्यायचं ही कल्पना त्या काळाच्या मानाने फारच पुढची होती.

तक्रारी पण होत्या, नाही असं नाही. उडालेलं काडतूस कधीकधी ठोकळ्यात अडकून बसायचं, मग ते उचकटत बसा. आणि हे काडतूस कारखान्यातच बनणार, छावणीत बसून कागद गुंडाळून करता येणार नाही, म्हणजे पुरवठा तुटला की बंदूक नुसती काठी. तरी १८५७ ला वेस्ट पॉइंटला चाचण्या झाल्या त्यात तिने बाकीच्या सगळ्या कार्बाइन मागे टाकल्या.

आता बुडाला कसा. तेव्हाचा युद्धमंत्री जॉन फ्लॉइड ह्याने मोठ्या ऑर्डरची आशा लावली, आकडा एक लाख डॉलरचा सांगतात, आणि त्या भरवशावर बर्नसाइडने कर्ज काढून कारखाना वाढवला. कारखाना उभा राहिला आणि ऑर्डर गेली. दुसऱ्या कुठल्या बंदूकवाल्याने मंत्र्याला चारले असा आरोप तेव्हापासून आजतागायत होत आलाय, सिद्ध काही झालं नाही, पण ह्या फ्लॉइडची पुढची करणी बघता आरोपावर विश्वास बसतो. पुढे उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध सुरू झाल्यावर हा दक्षिणेकडे जाऊन जनरल झाला आणि १८६२ च्या फेब्रुवारीत फोर्ट डोनल्सनला वेढा पडल्यावर रातोरात बोटीत बसून पळाला, किल्ला शरण द्यायला मागे दुसऱ्याला ठेवून.

१८५८ पर्यंत बर्नसाइडचं दिवाळं वाजलं. पेटंटसकट होतं नव्हतं ते सगळं सावकारांच्या हवाली केलं. त्याच वर्षी काँग्रेसच्या निवडणुकीला डेमोक्रॅट म्हणून उभा राहिला तर तिथेही दणकून आपटला. मग वेस्ट पॉइंटपासूनचा मित्र जॉर्ज मॅक्लेलन इलिनॉय सेंट्रल रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होता, त्याने नोकरी दिली, नवराबायको काही दिवस शिकागोत त्याच्याच घरी राहिले, आणि पगारातून ह्याने उरलेलं कर्ज फेडलं. पुढे रेल्वेचा खजिनदार झाला. दिवाळखोर माणसाला तिजोरी सांभाळायला देतात ह्यावरून त्याची पत काय होती ते समजा, धंदा बुडाला होता पण शब्द बुडाला नव्हता.

खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. १८६१ ला यादवी युद्ध पेटलं आणि सरकारला घोडदळासाठी कार्बाइन कमी पडायला लागल्या. तीच बर्नसाइड कार्बाइन, थोड्याफार सुधारणा करून, ५५,००० च्या आसपास विकली गेली आणि काडतुसं दोन कोटींच्या वर. नाव ह्याचं, पैसा नव्या मालकांचा. ज्या लढाया तो लढला त्यात त्याच्याच सैन्यातले घोडेस्वार त्याच्या नावाची बंदूक घेऊन फिरत होते आणि त्याला त्यातला एक सेंट मिळत नव्हता.

प्रश्न : सगळीकडे वाचायला मिळतं की बर्नसाइड हा सगळ्यात नालायक सेनापतींपैकी एक. मग लिंकनसारख्या माणसाने त्याच्या हाती सगळी फौज दिलीच कशी? (एक वाचक, नागपूर)

नालायक हा शब्द मला थोडा जड वाटतो, पण प्रश्न बरोबर आहे.

सुरुवात चांगली झाली होती. युद्ध सुरू झाल्याबरोबर ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर स्प्रेग (हा सूतगिरण्यांचा मालक, गडगंज) ह्याने बोलावून घेतलं आणि पहिल्या ऱ्होड आयलंड पलटणीचा कर्नल केलं. १८६२ च्या सुरुवातीला बोटींतून फौज नेऊन त्याने नॉर्थ कॅरोलिनाचा किनारा घेतला, फेब्रुवारीत रोआनोक बेट, मार्चमध्ये न्यू बर्न. उत्तरेला तेव्हा विजयाची बातमी दुर्मिळ होती, त्यामुळे हा एकदम हिरो. लिंकनने मुख्य फौजेचं, आर्मी ऑफ द पोटोमॅकचं, सेनापतिपद देऊ केलं. हा म्हणाला, नको, एवढी मोठी फौज मला झेपणार नाही. नंतर पुन्हा विचारलं, पुन्हा नको. हे विनयाने नव्हतं हो, त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि गंमत अशी की नेमका हाच नकार ऐकून वरच्या लोकांना वाटायचं किती सज्जन माणूस आहे, ह्यालाच द्या.

मग १७ सप्टेंबर १८६२, अँटीटमची लढाई. एका ओढ्यावर तीन कमानींचा दगडी पूल, जेमतेम बारा फूट रुंद. पलीकडच्या उंच काठावर दक्षिणेच्या बाजूचे, जॉर्जियाचे चार-पाचशे नेमबाज झाडांमागे आणि जुन्या दगडखाणीत दबा धरून. बर्नसाइडच्या हाताखाली बारा हजारांवर माणसं, पण पुलावरून एका वेळी जाणार किती. सकाळी दहापासून एकामागून एक पलटण पाठवली आणि कापली गेली. शेवटी दुपारी एकच्या सुमाराला ५१वी न्यूयॉर्क आणि ५१वी पेनसिल्व्हेनिया ह्या दोन पलटणी पुढे काढल्या. पेनसिल्व्हेनियावाल्यांची व्हिस्की त्यांच्या कर्नल फेरेरोने शिक्षा म्हणून बंद केली होती. त्याने जोरदार भाषण केलं तर रांगेतून एकाने विचारलं, पूल घेतला तर आमची व्हिस्की मिळणार का? मिळणार म्हटल्यावर गेले आणि घेतला पूल. (हा एडवर्ड फेरेरो युद्धाआधी न्यूयॉर्कला डान्स शिकवायचा. त्याचं आणि दारूचं नातं पुढे अजून एकदा येणार आहे.)

पूल घेतला पण दोन तास दारूगोळा आणण्यात आणि माणसं पलीकडे नेण्यात गेले, आणि दक्षिणेची फळी मोडायला आली तेवढ्यात सतरा मैल पायपीट करून बाजूने कोण येऊन आदळावं, तर ए. पी. हिल, आता दक्षिणेचा जनरल. वर्गमित्र. सगळं मुसळ केरात. ओढा पायी ओलांडता आला असता अशी टीका तेव्हापासून होते आणि खालच्या अंगाला उतार होताही, पण तो नीट शोधायलाच उशीर झाला. तो पूल अजून उभा आहे आणि आता त्याचं नावच बर्नसाइड ब्रिज आहे.

नोव्हेंबरमध्ये लिंकनने तोवर सेनापती असलेल्या मॅक्लेलनला (तोच रेल्वेवाला मित्र) काढलं आणि ह्या वेळी विचारलं नाही, हुकूमच पाठवला. बर्नसाइड तरी नकोच म्हणत होता, पण तू नाही तर जोसेफ हूकर ह्या दुसऱ्या जनरलला देणार असं कळल्यावर घेतलं, कारण हूकरशी त्याचं अजिबात जमत नव्हतं. पुढचा प्लॅन वाईट नव्हता, नदीपलीकडे फ्रेडरिक्सबर्गला झटकन पोचायचं आणि तिथून दक्षिणेची राजधानी रिचमंडवर. ह्याची आघाडीची फौज १७ नोव्हेंबरला नदीवर पोचली पण होड्यांचा पूल बांधायचं सामान आठवड्याहून जास्त उशिरा आलं, वॉशिंग्टनच्या कागदी घोड्यांत अडकून. तोपर्यंत समोरच्या टेकडीवर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली ह्याची फौज येऊन बसली. इथे कुठल्याही सेनापतीने प्लॅन बदलला असता. ह्याने नाही बदलला. १३ डिसेंबरला मेरीज हाइट्सच्या पायथ्याशी दगडी कुंपणामागे बसलेल्या रायफलींवर उघड्या माळातून लाटेमागून लाट पाठवत राहिला, एक माणूस त्या भिंतीपर्यंत पोचला नाही. उत्तरेची साडेबारा हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली, हरवली. दुसऱ्या दिवशी म्हणाला मी स्वतः माझ्या जुन्या नवव्या कोअरच्या (म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेल्या तुकडीच्या) पुढे राहून हल्ला करतो, बाकीच्या जनरलांनी कसंबसं आवरलं.

मग त्याने जे केलं ते आजचा कुठला मोठा साहेब करेल असं मला वाटत नाही. वॉशिंग्टनला पत्र लिहून सांगितलं की जबाबदारी सगळी माझी, होड्या उशिरा येण्याचं रडगाणं न लावता, आणि ते पत्र पेपरात छापून आलं. जानेवारीत पुन्हा कूच केलं तर पावसाने रस्त्यांचा चिखल झाला, गाड्या-तोफा गुडघाभर रुतल्या, पलीकडच्या काठावरून शत्रूचे शिपाई टिंगल करतायत. परत आल्यावर ह्याने हूकर आणि बाकी कुरकुरणाऱ्या जनरलांना हाकला नाहीतर मला मोकळं करा असं लिंकनला सांगितलं, लिंकनने ह्याला मोकळं केलं आणि जागा दिली ती हूकरलाच. पुढे उत्तरेचा सरसेनापती झालेल्या ग्रँटने नंतर आठवणींत लिहून ठेवलंय की माणूस सगळ्यांना आवडायचा पण फौज सांभाळण्याजोगा नव्हता आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला तर ह्यात दोष देणाऱ्याचाही तितकाच वाटतो, माणूस दोनदा हात जोडून नाही म्हणतोय तर ऐका ना.

प्रश्न : आपल्याकडे खानदेशात त्या युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला होता असं आजोबा सांगायचे. त्याचा आणि ह्याचा काही संबंध? (एक वाचक, जळगाव)

थेट बर्नसाइडचा नाही, पण तो ज्या मोहिमेत नाव कमवून बसला ती दक्षिणेचे किनारे बंद करण्याच्याच कामातली होती. ते बंदर-बंदीचं काम आवळत गेलं तसा अमेरिकन कापूस इंग्लंडात मँचेस्टरला पोचेना, मग तिथल्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नाही तो भाव आला. मुंबईत पैसा इतका साचला की प्रेमचंद रायचंद आणि मंडळींनी बॅकबेचा समुद्र भरून काढायच्या कंपनीचे शेअर वाटेल त्या भावाला चढवले. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं आणि त्याच वर्षी सगळं धाडकन खाली आलं. आजोबांचं बरोबर होतं.

प्रश्न : ह्याने म्हणे एका पुढाऱ्याला भाषण केलं म्हणून पकडलं आणि पेपर बंद पाडला. लोकशाहीत हे चाललं कसं? (एक वाचक, ठाणे, वकिली करतो)

चाललं नाही, लिंकनला निस्तरावं लागलं. फ्रेडरिक्सबर्गनंतर त्याला ओहायोकडे पाठवलं, तिथे १८६३ च्या एप्रिलमध्ये त्याने हुकूम क्रमांक ३८ काढला की शत्रूबद्दल सहानुभूती दाखवलेली खपवून घेणार नाही. क्लेमेंट वॅलँडिगॅम नावाचा युद्धविरोधी माजी खासदार मुद्दाम त्याच हुकमाविरुद्ध सभेत बोलला, तर ह्याने मध्यरात्री सैनिक पाठवून घराचं दार फोडून त्याला उचललं आणि लष्करी कोर्टासमोर उभं केलं, तेही अशा राज्यात जिथे नेहमीची कोर्टं व्यवस्थित चालू होती. तुरुंगवास झाला. लिंकन अडचणीत, सोडलं तर जनरल तोंडघशी, ठेवलं तर हुतात्मा, मग त्याने शिक्षा बदलून त्याला सरळ दक्षिणेच्या हद्दीत नेऊन सोडलं, जा तुझ्या मित्रांकडे म्हणून. महिन्याभरात बर्नसाइडने शिकागो टाइम्सवर टाळं ठोकलं, ते लिंकनने काही दिवसांत काढायला लावलं. ह्याचा हेतू वाईट नसेल, पण कायद्याची समज काही फार नव्हती एवढं म्हणता येईल.

त्या वॅलँडिगॅमचा शेवट तुम्हा वकिलांना माहीत असावा. १८७१ ला एका खुनाच्या खटल्यात मयताच्या हातून स्वतःचंच पिस्तूल कसं उडालं असेल हे सहकाऱ्यांना दाखवता दाखवता त्याने स्वतःलाच गोळी मारून घेतली. अशील मात्र सुटला.

आणि जाता जाता, ह्याच काळात त्याने पूर्व टेनेसी घेतलं आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये नॉक्सव्हिलला फोर्ट सँडर्सपुढे दक्षिणेच्या जनरल लाँगस्ट्रीटला असा काही झोडपला की दक्षिणेची आठशेच्या वर माणसं पडली आणि ह्याची डझनभर. झाडांच्या बुंध्यांना टेलिग्राफच्या तारा बांधून ठेवल्या होत्या, शिपाई पळत आले ते तारांत अडकून खंदकात. हे यश कुणाच्या लक्षात नाही.

प्रश्न : आम्ही कोळशाच्या खाणीत काम करणारी माणसं. खाणकामगारांनी शत्रूच्या किल्ल्याखाली बोगदा खणला ती गोष्ट ह्याच्याच फौजेतली ना? हवा कशी पुरवली एवढ्या आत? (एक वाचक, चंद्रपूर)

ह्याच्याच. १८६४ चा उन्हाळा, पीटर्सबर्गला दोन्ही फौजा खंदकांत समोरासमोर अडकून पडलेल्या. ४८वी पेनसिल्व्हेनिया ही पलटण तिकडच्या कोळसा पट्ट्यातली, कर्नल हेन्री प्लेझंट्स स्वतः मायनिंग इंजिनीयर. त्याने म्हटलं समोरच्या ठाण्याखाली भुयार नेऊन उडवून देऊ. लष्कराच्या इंजिनीयरांनी हसण्यावारी नेलं, एवढ्या लांब हवाच पोचणार नाही म्हणाले, अवजारंही दिली नाहीत. बर्नसाइडने मात्र ऐकून घेतलं आणि परवानगी दिली, खाली काम करणाऱ्याचं ऐकून घेण्यात तो कधी कमी नव्हता.

हवेचं असं केलं की भुयाराच्या तोंडाजवळ एक उभा धुराडा वर काढला आणि त्याच्या बुडाशी आग पेटती ठेवली. भुयाराला हवाबंद दार आणि दाराखालून लाकडी नळ थेट फेसपर्यंत, म्हणजे खणकाम चालू असलेल्या टोकापर्यंत. आगीने गरम हवा धुराड्यातून वर ओढली जाते, तिची जागा भरायला बाहेरची ताजी हवा नळातून फेसला येते. पंखा नाही, मशीन नाही. माती बिस्किटांच्या खोक्यांतून बाहेर काढायची आणि झुडपांखाली लपवायची. ५११ फूट लांब भुयार झालं, टोकाला दोन्ही बाजूंना गाळे आणि त्यात ३२० पिंप दारू, ८,००० पौंड. वात मिळाली ती पण तुकडे-तुकडे, जोडून घ्यावी लागली. ३० जुलैला पहाटे पेटवली आणि स्फोट नाही. तुम्हाला कळेल ते किती वाईट असतं. दोघे जण आत गेले, जोडावर विझलेली वात पुन्हा लावली आणि पळत बाहेर आले. पावणेपाचला जमीन उठली. १७० फूट लांब आणि ३० फूट खोल खड्डा पडला.

इथपर्यंत सगळं बिनचूक. पुढच्या हल्ल्यासाठी बर्नसाइडने कृष्णवर्णीय सैनिकांची डिव्हिजन तयार केली होती, खड्ड्यात उतरायचं नाही, दोन्ही बाजूंनी पुढे जायचं ह्याची त्यांची तालीम झाली होती. आदल्या दिवशी वरिष्ठ मीडने हुकूम दिला की ह्यांना पुढे पाठवू नका, फसलं तर लोक म्हणतील काळ्यांना मरायला पुढे घातलं, आणि ग्रँटनेही मीडचंच खरं केलं. बर्नसाइडने उरलेल्या तिघा डिव्हिजन कमांडरांत चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या! सगळ्या कटाची मदार असलेलं काम, आणि ते निघालं जेम्स लेडलीच्या नावावर, जो तिघांत सगळ्यात कुचकामी. माणसांना धड काही सांगितलं नव्हतं, ती थेट खड्ड्यात उतरली आणि पलीकडची भिंत चढता येईना. लेडली स्वतः मागे सुरक्षित खोपटात रम पीत बसलेला आणि सोबतीला कोण, तर आपला डान्सवाला फेरेरो, जो त्या कृष्णवर्णीय डिव्हिजनचा प्रमुख होता. त्याची माणसं नंतर त्याच्याशिवायच आत ढकलली गेली आणि शरण आल्यावरही त्यांतल्या कित्येकांना दक्षिणेच्या सैनिकांनी ठार केलं. एकूण ३,८०० च्या घरात हानी. ग्रँटने नंतर चौकशीत कबूल केलं की ती तालीम झालेली डिव्हिजन पुढे असती तर बहुधा जमलं असतं. काँग्रेसच्या समितीनेही पुढे मीडलाच जास्त जबाबदार धरलं, पण तोवर बर्नसाइडला रजेवर पाठवून दिलं होतं आणि परत बोलावलं नाही. चिठ्ठ्यांचं पाप मात्र मी त्याच्याच पदरात टाकीन, ते मीडने सांगितलं नव्हतं.

प्रश्न : एवढी माणसं मारून हा परत निवडून कसा आला? लोकांना काही वाटलं नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

वाटलं असेल, पण ऱ्होड आयलंडला नाही वाटलं. १८६५ च्या एप्रिलमध्ये त्याने राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर झाला, आता रिपब्लिकन म्हणून. एकेका वर्षाची मुदत असायची, तीन वेळा लागोपाठ निवडून आला. आणि ह्या वेळी धंद्यातही हात पोळले नाहीत, इंडियानातल्या रेल्वे कंपन्या आणि प्रॉव्हिडन्सच्या ऱ्होड आयलंड लोकोमोटिव्ह वर्क्स ह्या इंजिनांच्या कारखान्याचं प्रमुखपद होतं. माणूस उंचापुरा, हसरा, कुणाशीही गप्पा मारणारा, आणि हरल्यावर खापर दुसऱ्यावर न फोडणारा. त्याच्या हाताखाली लढलेल्या जुन्या सैनिकांनीच त्याला १८७१ ला आपल्या देशभरच्या संघटनेचा, ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिकचा, प्रमुख केलं. ह्याचं कारण शोधत बसलात तर मला वाटतं ते त्या फ्रेडरिक्सबर्गनंतरच्या पत्रातच सापडेल.

त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन निघाली, हो तीच, पुढे निवडणुका फिरवणारी बंदूकवाल्यांची संघटना, तिचा पहिला अध्यक्षही हाच. तेव्हा उद्देश एवढाच होता की आपल्या सैनिकांना नेम धरता येत नाही, तो शिकवावा. त्याआधी १८७० ला युरोपात असताना पॅरिसला जर्मनांचा वेढा पडला, तर हा जर्मनांचा पुढारी बिस्मार्क ह्याच्या परवानगीने वेढ्याच्या आत-बाहेर जाऊन दोघांत तडजोड करायला बघत होता. जमली नाही.

१८७५ ला सिनेटर झाला. तेव्हा सिनेटर लोकांच्या मतांवर नाही, राज्याच्या विधिमंडळाच्या मतांवर निवडायचे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेही आहे. लष्कराची फेररचना करायचं मोठं बिल त्याच्या समितीने १८७८ ला आणलं आणि ते पडलं, तरी परराष्ट्र समितीच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला. बायको १८७६ ला गेली. १३ सप्टेंबर १८८१ ला ब्रिस्टललाच, कारखाना बुडाला त्याच गावात, तो वारला, वय ५७, सिनेटची दुसरी मुदत नुकतीच चालू झालेली. जागेवर नेल्सन आल्ड्रिच आला आणि तो पुढची तीस वर्षं ती खुर्ची धरून बसला. प्रॉव्हिडन्सला गेलात तर शहराच्या मधोमध बर्नसाइडचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८८७ चा, कल्ल्यांसकट.

डाळिंबाचं पुढच्या अंकात नक्की. फळ तडकण्याबद्दल अजून कुणाला विचारायचं असेल तर लवकर लिहा, म्हणजे एकत्रच उत्तर देता येईल.